गूळपोळीचा परदेशप्रवास

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

माझी मावशी पंचवटीत राहते. तिचा अकरा बायकांचा बचत गट आहे. श्रावणात पुरणाच्या पोळ्या, दिवाळीत फराळ आणि संक्रांतीला गूळपोळ्या हा त्यांचा हंगाम. दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये असलेल्या मावशीच्या नणंदेने तेथील हळदीकुंकवासाठी दोनशे गूळपोळ्या मागवल्या. बायका हरखून गेल्या. पोळी साता समुद्रापलीकडे जाणार! चार दिवस खपून त्यांनी पोळ्या लाटल्या, पाच-पाचच्या चळतींना मधे तुपाचा हात लावला, प्लॅस्टिकच्या पिशव्या चिकटवल्या, वर गटाच्या नावाचा कागद लावला आणि पार्सल रवाना केले.

पोळ्या हळदीकुंकवाला पोचल्या नाहीत. पंधरा दिवसांनी एक इंग्रजी कागद मात्र आला. घरात इंग्रजी वाचणारी म्हणून तो माझ्या हातात दिला गेला. पार्सलमधल्या पदार्थात प्राणिजन्य घटक असावा असे दिसते, त्याचे प्रमाणपत्र नाही, घटकांची यादी नाही, सबब माल नष्ट करण्यात आला, एवढाच मजकूर होता. मी तो वाचून दाखवला. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नष्ट केला म्हणजे? जाळल्या? आमची पोळी काय विष होती का गं?"

मावशीच्या या प्रश्नाला मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. अर्थशास्त्राच्या तासाला आपण निर्यात, जकात, व्यापारतोल हे शब्द शिकतो. परंतु एक साधी पोळी देशाची सीमा ओलांडते तेव्हा नेमके काय घडते, हे मला त्या कागदाने शिकवले.

पहिला प्रश्न कोणालाही हास्यास्पद वाटेल. पोळी म्हणजे काय? घरात हा प्रश्न कधी पडत नाही, पण जकात खात्याला तो सर्वांत आधी पडतो. जगातील बहुतेक देश मालाचे वर्गीकरण एका समान क्रमांकपद्धतीने करतात. ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली आणि तिचे पहिले सहा आकडे सर्वत्र सारखे असतात. तिच्या एकोणिसाव्या प्रकरणात १९०५ हा शीर्षक्रमांक पाव, बिस्किटे, केक आणि तत्सम पदार्थांचा आहे. आपली पोळी, पराठा आणि पापड तेथेच बसतात. गव्हाचे पीठ मात्र अकराव्या प्रकरणात, ११०१ या क्रमांकाखाली येते.

हा फरक केवळ कागदी नाही. १३ मे २०२२ रोजी भारत सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कणीक, मैदा आणि रवा यांच्या निर्यातीवरही निर्बंध आले. ही बंधने अकराव्या प्रकरणातल्या पिठाला लागली. तेच पीठ मळून, लाटून, भाजून पोळी झाली की ते एकोणिसाव्या प्रकरणात गेले. म्हणजे पोत्यातली कणीक अडली, पण तव्यावरून उतरलेली पोळी अडली नाही. मावशीला हे सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "चला, लाटण्याला काहीतरी किंमत आहे म्हणायची!"

पण नावाचा घोळ येथे संपत नाही. आपल्याच देशात साध्या चपाती-रोटीवर पाच टक्के वस्तू व सेवा कर असताना, २०२० साली कर्नाटकातील कर प्राधिकरणाने मलबार परोटा हा रोटी नव्हे, कारण तो खाण्यापूर्वी गरम करावा लागतो, असे ठरवून त्यावर अठरा टक्के कर सांगितला. २०२४ साली केरळ उच्च न्यायालयाने तशाच परोट्याला पाच टक्क्यांच्या पंक्तीत बसवले. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून रोटी, चपाती, खाकरा आणि पराठा या सर्वांवरचा कर शून्य झाला. पाच वर्षे एका पदार्थाचे नाव काय यावर वकील भांडत होते!

हा केवळ आपला दोष आहे असे मात्र समजू नये. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका प्रसिद्ध सँडविच कंपनीचा पाव हा करकायद्याच्या दृष्टीने पावच नव्हे असा निर्णय दिला. तेथील कायद्याप्रमाणे पावातली साखर पिठाच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त असता कामा नये. त्या पावात ती दहा टक्के होती. इंग्लंडमध्ये २०२४ साली एका कंपनीच्या पापडांचा खटला गाजला. त्या पापडांत बटाट्याचे घटक बरेच असल्यामुळे ते बटाट्याच्या वेफर्ससारखे ठरले आणि करमुक्त राहू शकले नाहीत. आता निम्म्याच्या जवळपास गूळ असलेली आपली पोळी आयर्लंडच्या त्या न्यायाधीशांपुढे ठेवली असती तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दुसरा प्रश्न: पोळीत आहे काय? मावशीचे उत्तर सरळ होते. कणीक, तेलाचे मोहन, गूळ, भाजलेल्या तिळाचे कूट, थोडे भाजलेले डाळीचे पीठ, खसखस, वेलदोडा, जायफळ. हे सारे चांगलेच पदार्थ आहेत. पण परदेशच्या नियमांचा चष्मा लावून या यादीकडे पाहिले की प्रत्येक पदार्थामागे एक हकीकत उभी राहते.

प्रथम तूप घेऊ, कारण आमचे पार्सल तुपावरच अडले. दूध, मांस, अंडी यांपासून झालेले पदार्थ ब्रिटन आणि युरोपातील देश सहजासहजी आत घेत नाहीत. जनावरांचे रोग अशा मालाबरोबर येतील ही त्यांची धास्ती असते. पिठाच्या पदार्थात दुधातुपाचा अंश असला तर तो अंश मान्यता मिळालेल्या देशातील मान्यता मिळालेल्या कारखान्यातून आला असला पाहिजे, असा युरोपीय संघाचा नियम आहे. गल्लीतल्या गवळ्याकडचे लोणी कढवून केलेले तूप या चौकटीत कसे बसणार? मौज अशी की गूळपोळीत तूप आत नसतेच. ते आपण ताटात वाढताना वरून घालतो. पोळ्या चिकटू नयेत म्हणून लावलेल्या तुपाच्या हाताने दोनशे पोळ्यांचा घात केला.

मग तीळ. संक्रांतीला तीळ नसतील तर संक्रांत कसली? परंतु काही माणसांना तिळाचे वावडे असते, आणि ते इतके तीव्र की थोड्याशा कुटानेही श्वास अडून जीव धोक्यात येतो. म्हणून ब्रिटनमध्ये व युरोपीय संघात अशा चौदा पदार्थांची यादी आहे. त्यात गहू आणि तीळ दोन्ही आहेत. घटकांच्या यादीत ही नावे ठळक अक्षरांत किंवा अन्य रीतीने उठून दिसतील अशी छापावी लागतात. अमेरिकेची यादी आठ पदार्थांची होती, १ जानेवारी २०२३ पासून तीळ तिच्यात नववे झाले.

तिळाची आणखी एक हकीकत आहे आणि ती थेट भारताशी निगडित आहे. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतातून आलेल्या तिळात इथिलीन ऑक्साईड या वायूचा अंश सापडल्याची सूचना युरोपभर दिली. तिळातले जंतू मारण्यासाठी हा वायू वापरला जातो, पण युरोपात अन्नासाठी त्याला मनाई आहे. तिळासाठी तेथील मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन तिळात फक्त एक ग्रॅम. त्यानंतर नुसते तीळच नव्हे, तर तीळ लावलेले पाव, बिस्किटे आणि इतर कितीतरी वस्तू दुकानांतून परत मागवाव्या लागल्या. पाव भाजणाऱ्याचा अपराध एवढाच की तीळ कोठून आले व त्यांवर काय झाले हे त्याने विचारले नव्हते. रविवार पेठेतून तीळ आणताना आपण तरी कोठे विचारतो?

आता गूळ. पिवळाधमक गूळ दिसायला सुंदर, परंतु तो रंग पुष्कळदा गंधकयुक्त रसायनाने आणलेला असतो. आपल्या कायद्याप्रमाणे गुळात किलोला ७० मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साईड चालतो. ब्रिटन-युरोपात व अमेरिकेत तयार पदार्थात तो किलोला १० मिलिग्रॅमच्या पलीकडे गेला की वेष्टनावर तसे छापावे लागते. दमेकऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. साधे त्रैराशिक मांडून पाहा. पोळीत शेकडा चाळीस गूळ आणि गुळात ७० मिलिग्रॅम, तर पोळीत २८. भाजताना काही उडून जाईल हे खरे, पण किती, हे प्रयोगशाळाच सांगेल. येथे पूर्ण कायदेशीर असलेला गूळ तेथे इशारा छापायला लावू शकतो.

आणि खसखस! ती अफूच्याच बोंडातली. आपल्याकडे अफूची शेती सरकारी परवान्याने मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते आणि खसखस किराणा दुकानात मिळते. संयुक्त अरब अमिरातीत मात्र खसखशीला बंदी आहे. दुबईला नातेवाइकांकडे जाणाऱ्या कोणी खसखस घातलेल्या पोळ्या सामानात नेल्या तर तो साधा विसराळूपणा ठरणार नाही. युरोपीय संघाने खसखस घातलेल्या भाजक्या पदार्थांत अफूच्या अंशाची मर्यादा किलोला दीड मिलिग्रॅम ठेवली आहे. मावशीला हे सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. "चिमूटभर खसखस गं ती, चवीपुरती!"

ही 'चिमूटभर' आणि 'चवीपुरती' म्हणजेच खरी अडचण, असे मला वाटते. पदार्थाच्या नावातच एखाद्या घटकाचा उल्लेख असेल तर त्याचे प्रमाण शेकड्यात छापावे, असा ब्रिटन व युरोपचा नियम आहे. गूळपोळी म्हटले की गूळ किती टक्के ते सांगा. शिवाय 'गूळपोळी' हे नाव तेथील गिऱ्हाइकाला कळणार नाही, म्हणून खाली वर्णन हवे: गूळ व तीळ भरलेला गव्हाचा चपटा पाव. पोळीला पाव म्हटलेले मावशीला मुळीच आवडले नाही. पण तिची खरी पंचाईत टक्केवारीने केली. मी वजनकाटा आणला आणि गटातल्या पाच जणींच्या पोळ्यांतले सारण व कणीक वेगवेगळी तोलली. गुळाचे प्रमाण कोणाचे एकतीस टक्के, तर कोणाचे चव्वेचाळीस निघाले. पाचही पोळ्या चवीला उत्तम होत्या. पण एकाच वेष्टनावर कोणता आकडा छापायचा?

तिसरा प्रश्न: या पोळीला जबाबदार कोण? आपल्या बाजूने अन्नसुरक्षेचा परवाना लागतो आणि परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो. त्या बाजूला आयातदार लागतो. ब्रिटनमध्ये विकायच्या वेष्टनावर तेथील पत्ता असलेल्या व्यावसायिकाचे नाव असावे लागते. पोळी खाऊन कोणी आजारी पडले तर तेथील अधिकारी पंचवटीला येणार नाही, तो त्या पत्त्यावर जाईल. अमेरिकेत २००२ च्या कायद्याप्रमाणे परदेशातील अन्नकारखान्याची नोंद करावी लागते आणि माल बंदरावर पोचण्यापूर्वी सूचना द्यावी लागते. २०११ च्या कायद्याने तर परदेशातला उत्पादक सुरक्षितपणे काम करतो की नाही हे पडताळण्याची जबाबदारी आयातदारावरच टाकली. तेव्हा आयातदार आपल्याला शंभर प्रश्न विचारतो ते संशयी स्वभावामुळे नव्हे. त्याचे नाव वेष्टनावर असते म्हणून.

यात प्रवासाचा काळही धरला पाहिजे. गूळपोळी चांगली टिकते, पण दुकानात विकायच्या पोळ्या बहुधा उणे अठरा अंशांवर गोठवून, थंड कंटेनरातून समुद्रमार्गे पाठवतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा पुष्कळ जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. वेष्टनावरची 'अमुक तारखेपूर्वी खावे' ही ओळ छापताना असल्या लढायांचाही हिशेब ठेवावा लागतो.

इतके सारे वाचल्यावर माझे मत असे झाले होते की हे नियम म्हणजे गरिबाला बाहेर ठेवण्याचे कुंपण आहे. पण सुट्टीत निफाडला मामांकडे गेले आणि ते मत थोडे बदलले. मामा द्राक्षबागायतदार आहेत. आपल्या जिल्ह्याला २०१० सालची आठवण आहे. त्या वर्षी युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईड या द्रव्याचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि कंटेनरमागून कंटेनर अडकले. आपल्याकडे निर्यातीपूर्वी जी तपासणी होत असे तिच्या यादीत ते द्रव्य नव्हतेच. पुढे ती यादी वाढली. बागेची नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा दाखला ही 'ग्रेपनेट'ची पद्धत तत्पूर्वीच सुरू झाली होती, पण त्या वर्षानंतर ती अंगवळणी पडली.

मामांनी मला त्यांची वही दाखवली. कोणत्या तारखेला, कोणत्या बागेत, काय आणि किती मारले, सारे स्वच्छ अक्षरात. मी म्हटले, "मामा, एवढे लिहायचा कंटाळा नाही येत?" ते म्हणाले, "पहिली दोन वर्षं आला. मग ध्यानात आलं, वही व्हायच्या आधी आम्ही निम्मी औषधं उगाच मारत होतो. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपण मारायचं. लिहायला लागलो आणि पैसे वाचले."

मला वाटते, या विषयाचे मर्म येथे आहे. परदेशी बाजारपेठ पोळीची चव विचारत नाही. ती विचारते की तुम्ही जे करता ते तुम्हाला माहीत आहे का, आणि उद्याही तसेच कराल का? आपल्या घरच्या पाककलेचे सारे ज्ञान हातात असते. ते कागदावर उतरत नाही तोवर अनोळखी माणसाने त्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? नणंदेला मावशी ठाऊक आहे, म्हणून तिला वेष्टन लागत नाही. तिळाचे वावडे असलेल्या परक्या मुलाच्या आईला मावशी ठाऊक नाही. तिच्यासाठी ते वेष्टन म्हणजेच मावशी.

याचा अर्थ कुंपण नाही असा नव्हे. प्रयोगशाळेची फी कारखान्याला आणि अकरा बायकांच्या गटाला सारखीच असते. कारखाना ती लाखो पराठ्यांवर वाटतो, गट दोनशे पोळ्यांवर. २४ जुलै २०२५ रोजी भारत व ब्रिटन यांच्यात व्यापारकरारावर सह्या झाल्या. अशा करारांनी जकात कमी होते, परंतु फी कमी होत नाही आणि चौदा पदार्थांची यादीही आखूड होत नाही. लहान उत्पादकांना एकत्र येऊन एक तपासणी, एक स्वयंपाकघर आणि एक परवाना उभा करता आला तरच ते या स्पर्धेत टिकतील.

आणि असे एकत्र येणे आपल्या भगिनींना नवे नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तो 'लिज्जत' पापड पुढे परदेशात पोचला. तेथील रीत लक्षात घेण्याजोगी आहे. पीठ एका ठिकाणी, ठरल्या प्रमाणात भिजवले जाते. बायका ते घरी नेऊन लाटतात आणि परत आणलेला पापड पारखून घेतला जातो. प्रमाण सर्वांचे एक, हात मात्र ज्याचा त्याचा. हाताची कला आणि कागदाचा आकडा यांत वैर असलेच पाहिजे असे नाही, याचा हा दाखला साठ वर्षांहून जुना आहे.

मावशीच्या गटाचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवते. दोनशे पोळ्यांचे नुकसान अकरा जणींत वाटले गेले. दोघींनी गट सोडला. त्यांचा राग मला कळतो. उरलेल्या नऊ जणींनी गेल्या संक्रांतीला परदेशी काहीच पाठवले नाही. मात्र मावशीच्या स्वयंपाकघरात आता भिंतीवर एक कागद लावला आहे: एका घाण्याला गूळ किती, कूट किती, कणीक किती, सारे ग्रॅममध्ये. खसखस नाही. पॅकिंगला तूप नाही. तीळ व गूळ कोणाकडून, कोणत्या तारखेला आणला, त्याची वही गुळाच्या डब्याशेजारी असते. सारण एकटी मावशी तोलून करते, लाट्या सगळ्याजणी लाटतात. वेष्टनावर, ते नाशिकमध्येच विकायचे असूनही, 'तीळ' आणि 'गहू' हे शब्द ठळक छापले आहेत.

परवा एक बाई दुकानात ते वाचून थबकल्या. नातवाला तिळाचे चालत नाही, बरे झाले लिहिले ते, असे म्हणून त्यांनी पाकीट खाली ठेवले. गिऱ्हाईक गेले. मी मावशीकडे पाहिले. ती म्हणाली, "जाऊ दे. त्याच्यासाठी साध्या पोळ्या करून देऊ, उद्या ये म्हणावं."

परदेशचा रस्ता अजून लांब आहे. पण त्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते. मावशी, तुझी पोळी विष नव्हती. ती अनोळखी होती, एवढेच.